पिन घातली, टीव्ही मुका

दिवाळीच्या सुट्टीत भाचा राहायला आला तो प्लेस्टेशन ५ काखोटीला मारूनच. पहिल्या संध्याकाळी त्याने फुटबॉलचा सामना लावला. आई वाती वळायच्या सोडून सोफ्यावर येऊन बसली. कोण कोणाशी खेळतंय याचा तिला पत्ता नव्हता, पण समालोचक किंचाळला की ती टाळ्या वाजवायची. दुसऱ्या दिवशी भाच्याला मित्रांशी बोलत गोळीबाराचा खेळ खेळायचा होता. त्याने हेडसेटची पिन कंट्रोलरमध्ये खुपसली आणि टीव्ही मुका झाला. पडद्यावर धावपळ, घरात शांतता, आणि त्यात हा एकटाच ओरडतोय, "अरे मागे बघ, मागे!" आईने मागे वळून पाहिलं.

पिन घातली की स्पीकर बंद, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्याचं कारण कोणी विचारत नाही. जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये कारण साधं होतं. पिनेच्या भोकात एक पितळी पत्ती असायची. पिन आत गेली की ती पत्ती बाजूला ढकलली जाई आणि स्पीकरकडे जाणारा जोड सुटे. तिथे कोणी काही ठरवत नव्हतं, पत्ती हलली एवढंच. आजच्या कन्सोलवर मात्र हे सगळं सॉफ्टवेअरच्या हाती आहे. हेडसेट लागल्याचं कंट्रोलर कळवतो आणि आवाज कुठे पाठवायचा ते कन्सोल ठरवतं. म्हणजे टीव्ही गप्प होतो तो कोणीतरी आधीच तसं ठरवून ठेवलंय म्हणून.

ते बदलताही येतं. प्लेस्टेशन ५ च्या सेटिंग्जमध्ये 'साउंड', त्यात 'ऑडिओ आउटपुट' आणि तिथे 'आउटपुट टू हेडफोन्स' असा पर्याय आहे. 'ऑल ऑडिओ' ठेवलं तर सगळा आवाज कानात. 'चॅट ऑडिओ' निवडलं तर कानात फक्त मित्रांचं बोलणं आणि खेळाचा आवाज टीव्हीवर. एक्सबॉक्सची रीत उलटी. तिथे हेडसेट लावल्यावर टीव्ही बंद व्हावा यासाठी वेगळी खूण करावी लागते. खूण काढलेली असली की खेळ दोन्हीकडे ऐकू येतो.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. टीव्ही मोठ्याने चालू असला की तो आवाज हेडसेटच्या माइकमध्ये शिरतो आणि पलीकडच्या पोरांच्या कानात आपल्या घरचा कुकरसुद्धा वाजतो. शिवाय हेडफोनसाठी आवाज निराळा घडवलेला असतो. शत्रूची पावलं डावीकडून येताहेत की पाठीमागून, हे दोन कानांत पोचणाऱ्या आवाजातल्या बारीक फरकावरून कळतं. 'चॅट ऑडिओ' केल्यावर भाच्याचं तोंड वाकडं झालं ते यामुळेच. दहा फुटांवरच्या टीव्हीतून आणि फोडणीच्या चुरचुराटातून त्याला पावलं कुठली ऐकू येणार?

मग दोघांनाही सगळं ऐकवायचं कसं? मी आधी सोपा म्हणून चुकीचा रस्ता धरला. एका पिनेच्या दोन करणारा जोड विकत आणला आणि दुसरा हेडफोन आईच्या कानाला लावला. तिला काहीच ऐकू येईना. जोड दोन जातींचे असतात हे नंतर समजलं. एकात दोन हेडफोन लागतात. दुसऱ्यात एक भोक हेडफोनचं आणि दुसरं माइकचं असतं, कारण जुन्या कंप्युटरला या दोन पिना वेगळ्या लागायच्या. मी दुसऱ्या जातीचा आणला होता आणि आईला माइकच्या भोकाला जोडून बसलो होतो. घेण्याआधी पिना नीट बघाव्यात. माइकसकट हेडसेटच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, नुसत्या हेडफोनच्या पिनेवर दोन.

ब्लूटूथची मजा वेगळीच. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज सहज २०० मिलिसेकंद मागे पडतो. सेकंदाला ६० चित्रं पळणाऱ्या खेळात एवढ्या वेळात १२ चित्रं निघून जातात, म्हणजे बंदूक आधी उडते आणि बार नंतर ऐकू येतो. त्या मानाने तीन मीटरवरच्या टीव्हीतून हवेतून यायला आवाजाला जेमतेम ९ मिलिसेकंद लागतात. काही टीव्ही स्वतःच्या हेडफोनच्या भोकातून आणि स्पीकरमधून एकाच वेळी आवाज देतात. तो पर्याय टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये शोधायचा. बोलण्यासाठी कंट्रोलरमधला माइक आहेच. पण मग मित्रांचे शब्दही घरभर होतात, आणि ते शब्द आजीसमोर ऐकवण्याजोगे असतातच असं नाही. हॉलभर पसरलेल्या वायरीत पाय अडकतो तो वेगळाच.

गंमत अशी की प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीनेच १ जुलै १९७९ रोजी जपानात पहिला वॉकमन आणला, तेव्हा त्याला हेडफोनची दोन भोकं होती. एकट्यानेच ऐकत बसणं शिष्टाचाराला धरून नाही, असं सोनीचे सहसंस्थापक अकिओ मोरिता यांना वाटलं होतं. एक नारिंगी बटणही होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि दोघांना माइकवरून एकमेकांशी बोलता यायचं. पण लोक वॉकमन एकेकटेच ऐकू लागले आणि पुढे ते बटण गेलं.

आमच्याकडे शेवटी तह झाला. संध्याकाळी सात ते आठ 'चॅट ऑडिओ', त्यानंतर सगळं त्याच्या कानात. त्या तासाभरात मित्र काय म्हणतात ते आईला ऐकू येत नाही, भाच्याची उत्तरं तेवढी येतात. त्यावरून ती बाकीचं जुळवते. परवा देवाला दिवा लावून आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "काय रे, कालचा तो मागचा सापडला का?"