पटावरचे पालखेड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, ते इतिहासाचे शिक्षक होते. तेव्हा माझ्यासारख्या साहित्याच्या माणसाने आज इतिहासाच्या अंगणात पाऊल ठेवले, तर ते अनुचित ठरू नये. विषय वरवर पाहता खेळकर आहे. होऊन गेलेल्या लढाया छोट्या छोट्या सैनिकांच्या साहाय्याने मेजावर पुन्हा लढण्याचा एक छंद पाश्चात्त्य देशांत रुजलेला आहे. इंग्रजीत त्याला वॉरगेमिंग म्हणतात. मी त्याला ‘युद्धपट’ म्हणतो.

हा प्रकार आपणांस अगदीच परका नाही. हैदराबादच्या मराठी घरांच्या अंगणांतही दिवाळीत मातीचे किल्ले उभे राहिले आहेत. बुरुजांवर मावळे, माथ्यावर सिंहासनारूढ महाराज आणि उतारावर पेरलेल्या मोहरीची कोवळी हिरवळ! सालारजंग संग्रहालयाच्या बालविभागातील खेळण्यांतले सैनिक तर आपणांपैकी अनेकांनी बालपणी डोळे भरून पाहिले असतील. मात्र दिवाळीच्या किल्ल्यात एक उणीव असते. तेथे शत्रू नसतो. असलाच तर पायथ्याशी, हरण्यासाठीच उभा केलेला असतो. किल्ला हा देखावा आहे. युद्धपट हा प्रश्न आहे.

बुद्धिबळात शत्रू असतो हे खरे. आपल्या चतुरंगाची हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही चार अंगे त्यात आलीच. परंतु तेथे दोन्ही सैन्ये सारखी, भूमी सपाट आणि प्रतिपक्षाची प्रत्येक चाल डोळ्यांसमोर. खरा सेनापती इतका भाग्यवान नसतो. ही त्रुटी प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी हेरली. पित्याने १८१२ साली आपला पट राजापुढे मांडला. पुत्राने १८२४ साली त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. एकास आठ हजार या प्रमाणाचा नकाशा, सैन्याच्या तुकड्या दर्शविणारे लहान ठोकळे, दोन मिनिटांच्या काळाची एक चाल, आणि दैवाचा वाटा फाशांकडे. सर्वांत महत्त्वाचा तो पंच. शत्रू कोठे आहे, हे तो सांगेल तेवढेच खेळाडूला कळे. सैन्याच्या शिक्षणासाठी निघालेली ही युक्ती पुढे दिवाणखान्यात आली. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात शिशाचे सैनिक आणि स्प्रिंगच्या तोफा घेऊन जमिनीवर खेळावयाचे नियम दिले. त्याच वेल्सना खऱ्या युद्धाचा तिटकारा होता, आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले.

आता आपल्या दख्खनकडे वळू. फेब्रुवारी १७२८ मधील पालखेडची मोहीम पटावर मांडावयाची आहे असे समजा. पालखेड आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूरजवळ आहे. एका बाजूस सत्तावीस वर्षांचे बाजीराव, दुसऱ्या बाजूस छप्पन्न वर्षांचा, औरंगजेबाच्या हाताखाली घडलेला निजाम-उल-मुल्क. (त्याची राजधानी तेव्हा औरंगाबाद होती, आपले शहर राजधानी झाले ते पुढे १७६३ च्या सुमारास.) दोन्ही सैन्ये समोरासमोर मांडून खेळू लागलात, तर डाव पहिल्याच फेरीत फसेल, कारण पालखेडला तशी मोठी हातघाई झालीच नाही. मेजावर रणांगण न मांडता सारा मुलूखच मांडावा लागेल.

मग नियम असे करावे लागतील. घोडदळाला एका चालीत बारा अंगुळे, बैलांनी ओढलेल्या जड तोफांना तीन. पाणी नसलेल्या जागी दोन चाली मुक्काम पडला, तर सैन्याचे बळ निम्मे. आकडे माझे आहेत, तत्त्व मोहिमेचे आहे. बाजीराव जालना, वऱ्हाड, खानदेश करीत गुजरातेत उतरतात. निजाम इकडे पुण्यावर येतो. बाजीराव परत फिरून औरंगाबादकडे येतात, आणि निजामाची भूमिका घेतलेल्या विद्यार्थ्यापुढे खरा पेच उभा राहतो. तोफा बरोबर ठेवाव्या, तर राजधानी हातची जाते. त्या मागे सोडून गोदावरी ओलांडावी, तर ज्या बळावर आजवर जिंकलो तेच गमावतो. निजामाने तोफा मागे ठेवल्या. पालखेडच्या परिसरात मराठ्यांनी त्याचे पाणी आणि रसद तोडली. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. शाहू महाराजांचे छत्रपतिपद आणि दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीचा हक्क त्याला मान्य करावा लागला.

पट खेळणाऱ्यास येथे जे उमगते, ते आपल्या भाषणांत सहसा येत नाही. निजाम मूर्ख नव्हता. त्याच्या जागी बसलेला चतुर मुलगाही बहुधा तेच करील. शत्रूला गबाळा ठरवून आपण बाजीरावांची थोरवी वाढवीत नाही, उणीच करतो. सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या सेवेत होते, फारसी साधने मुळातून वाचणारे होते. त्या कागदांतून दुसऱ्या बाजूचे डोळे त्यांनी मराठी वाचकाला दिले. आपल्या शहरात या गोष्टीला विशेष अर्थ आहे. ज्याच्या पराभवाचे धडे आपण वर्गात उत्साहाने शिकविले, त्याचा वारसा सांगणारी मुले चार घरे पलीकडेच राहत होती, आणि आजही राहतात.

या पटाचीही एक मर्यादा आहे. शिशाचा सैनिक उपाशी राहत नाही. दोन फौजा ज्या शेतांतून गेल्या, त्या रयतेसाठी पटावर सोंगटीच नसते. माझ्या मते गावांच्याही सोंगट्या ठेवाव्या, आणि फौज गेली की त्या उलट्या कराव्या.

शाळेने येत्या दिवाळीत किल्ल्याशेजारी असा एक पट मांडावा, अशी माझी सूचना आहे. बाजीराव कोणी व्हावे आणि निजाम कोणी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, आणि दुसऱ्या डावात बाजू बदलाव्या. शेजारच्या उर्दू शाळेतील मुलांनाही अगत्याने बोलवावे. गोदावरी निळ्या दोऱ्याची चालेल. पाण्याच्या जागा मात्र आधी नकाशावरून नीट हेरून ठेवाव्या लागतील, आणि ते काम इतिहासाच्या नव्हे, भूगोलाच्या शिक्षकांकडे द्यावे.