नजर वाटेकडे

सोलापूरच्या एसटी स्टँडवर कुणी उशिरा पोचलं, की आधी येऊन थांबलेला म्हणतो, "कवापासनं वाट बघालोय!" येणारा माणूस अजून दिसतही नसतो, दिसतो तो नुसता रस्ता. मग आपण त्या रस्त्याकडेच बघत राहतो. ‘वाट बघणं’ हा शब्द इतका साधा, की त्यातलं हे चित्र आपल्या लक्षातच येत नाही.

सोलापुरात ते लक्षात यायला शेजारचं बोलणं ऐकलं तरी पुरे. पूर्व भागातल्या विणकरांच्या तेलुगू घरांत ‘एदुरु चूडु’ म्हणतात. एदुरु म्हणजे समोर, चूडु म्हणजे बघ. अक्कलकोटकडच्या कानडीत ‘हादी नोडु’. हादी म्हणजे वाट आणि नोडु म्हणजे बघ, मराठीशी शब्दाला शब्द जुळतो. उर्दूत ‘इंतजार’ आहे; तो आणि आपली रोजची ‘नजर’ हे अरबीतल्या बघण्याच्या एकाच धातूतून आलेले. तेलुगू-कानडीचं कूळ वेगळं, मराठीचं वेगळं, अरबीचं तर तिसरंच. पण वाट बघायची म्हटली की सगळ्यांना डोळेच लागतात.

पुस्तकी वाटणारी ‘अपेक्षा’ही याच पंगतीतली. संस्कृतात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं. परीक्षा, समीक्षा, निरीक्षण, प्रतीक्षा ही सगळी त्याचीच लेकरं. ‘अप’ म्हणजे दूर, म्हणून अपेक्षा हे दुरून, कशाच्या तरी दिशेनं पाहणं. इंग्रजीत ‘एक्स्पेक्ट’ होऊन गेलेला लॅटिन शब्दही ‘बाहेर पाहणं’ असाच घडला आहे. मला नवल वाटतं ते ‘उपेक्षे’चं. ‘उप’ म्हणजे जवळ. जवळून बघत राहायचं पण हात लावायचा नाही, यातून दुर्लक्षाचा अर्थ आला. पतंजलींच्या योगसूत्रांत मात्र मैत्री, करुणा, मुदिता यांच्या जोडीला उपेक्षा हा चित्त प्रसन्न ठेवणारा गुण म्हणून येतो. बौद्धांच्या पालीतही ‘उपेक्खा’ म्हणजे समतोल मन. एकच शब्द एका दारात दोष आणि दुसऱ्या दारात साधना.

मराठीनं अपेक्षेला आणखी एक काम दिलं आहे, आणि ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ‘दादापेक्षा ताई उंच’ या वाक्यातला ‘पेक्षा’ म्हणजे अपेक्षाच, पुढचा ‘अ’ गळालेली. दादाकडे बघून, त्याच्या संदर्भानं ताई उंच. संस्कृतात अपेक्षेला संदर्भाचा, संबंधाचा अर्थ होताच. ‘सापेक्ष’ आणि ‘निरपेक्ष’ त्यातूनच आले. मराठीनं तो अर्थ उचलला आणि तुलनेसाठी घरोघरी वापरायला दिला. दिवसातून शंभरदा आपण ‘पेक्षा’ म्हणतो, तेव्हा कुणाकडे तरी बघूनच दुसऱ्याला मोजत असतो. घरात मुलांकडून ‘अपेक्षा’ आहेत असं म्हणतात, तेव्हा त्यात शेजारच्या मुलाचा ‘पेक्षा’ किती असतो, हे पालकांनी एकदा शांतपणे तपासावं असं मला मनापासून वाटतं. वाट बघण्यात असं माप नसतं. अशी बिनमापाची वाट बघणारा देव सोलापूर जिल्ह्यातल्याच पंढरपूरचा. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकानं वीट पुढं सरकवली आणि देव तिच्यावर थांबून राहिला, ही कथा इथल्या पोरांना शाळेच्या आधीच ठाऊक असते.

वाट बघण्याची इथली सगळ्यांत जुनी सवय पावसाची. सोलापूर पर्जन्यछायेत येतं. जूनचा मृग कोरडा गेला तरी माणसं धीर सोडत नाहीत, कारण खरी भिस्त परतीच्या पावसावर आणि त्याच्या ओलीवर येणाऱ्या मंगळवेढ्याच्या ज्वारीवर. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा ज्वारी शेतात उभी असते आणि पुढचा पाऊस कित्येक महिने लांब असतो. त्या यात्रेत होमाच्या रात्री भाकणूक होते, म्हणजे पुढच्या दिवसांचं भाकीत सांगतात. भाकणूक आणि भाकीत, दोन्ही ‘भाकणे’ या क्रियापदातून आलेले. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यापुढं धान्य, गूळ, गाजर मांडतात. ते कशाला तोंड लावतं, यावरून कशाचा भाव चढेल ते सांगतात. त्यानं मूत्र विसर्जन केलं, तर पाऊस चांगला. थंडीत कुडकुडत उभी राहिलेली माणसं त्या वेळी वाटेकडे बघत नसतात, आभाळाकडेही नाही. सगळ्यांचे डोळे त्या एका भुकेल्या वासराकडे लागलेले असतात.