सेन्सरचा दिवा राखण करत नाही

कारखान्यांच्या पट्ट्यातल्या म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीच्या खोल्यांकडे सेकंड शिफ्टची माणसं परततात ती मध्यरात्रीच्या आसपास. पहाटे पुन्हा फर्स्ट शिफ्टच्या बसची गडबड. निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यांचं वेळापत्रक निराळं, पण दाराबाहेरच्या अंधाराची काळजी दोन्हीकडे सारखीच. त्यामुळे माणूस जवळ येताच आपोआप पेटणाऱ्या सेन्सरच्या दिव्याला मागणी आहे. तो उपयोगी आहेच. मात्र त्याच्याबद्दलच्या काही गैरसमजांमुळे पैसे वाया जातात, आणि एका गैरसमजामुळे जीवही जाऊ शकतो.

पहिला गैरसमज, दिवा लागला की चोर पळतो. उजेड आणि गुन्हे यांवरच्या १३ अभ्यासांचा आढावा ब्रँडन वेल्श आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २००८ मध्ये घेतला. रस्त्यावरचे दिवे सुधारल्यावर गुन्हे सुमारे २१ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात आढळलं. पण ही घट फक्त रात्रीची नव्हती, दिवसाचे गुन्हेही कमी झाले होते. म्हणजे परिणाम नुसत्या उजेडाचा नसावा. वस्तीकडे लक्ष आहे, हे दिसण्याचाही असावा. शिवाय हे अभ्यास सार्वजनिक दिव्यांचे आहेत, एका घराच्या फोकसचे नाहीत. दिवा पाहणाऱ्याला मदत करतो. पाहणारं कुणी नसेल तर तो चोरालाही कुलूप नीट दाखवतो. शिफ्टमुळे कुणी ना कुणी जागं असलेल्या खोल्यांच्या रांगेत त्याचा खरा उपयोग होतो. दिवाळीच्या सुट्टीत सगळी रांग मराठवाड्याला, खानदेशाला गावी गेली की तोच दिवा एकटा पडतो. तेव्हा शेजाऱ्याला सांगून जाणं आणि भक्कम कडी-कोयंडा हेच आधी. आणि नवरा-बायको दोघंही कामावर असताना भरदुपारी होणाऱ्या घरफोडीला हा दिवा काहीच करू शकत नाही.

जितका प्रखर तितका चांगला, हा त्याचाच जोडीदार. ५० वॉटचा फोकस सरळ रस्त्याकडे तोंड करून लावला की येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि प्रकाशाच्या कडेला काळी सावली पडते. लपणाऱ्याला तीच हवी असते. कॅमेऱ्यात चेहऱ्याऐवजी पांढरा डाग येतो, समोरच्या घरातल्या सेकंड शिफ्टहून आलेल्या माणसाची झोप मोडते ती वेगळीच. दारापुरता १० ते १५ वॉटचा एलईडी, अडीच-तीन मीटर उंचीवर, तोंड खाली करून, एवढं बहुतेक घरांना पुरतं.

सेन्सर 'माणूस ओळखतो' असंही समजलं जातं. नेहमी मिळणारा पीआयआर सेन्सर फक्त उष्णतेतला बदल टिपतो. समोरून आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो, सरळ त्याच्याच दिशेने चालत येणारा उशिरा. म्हणून तो वाटेच्या कडेला, वाट आडवी येईल असा लावावा. काचेपलीकडचं त्याला कळत नाही. एप्रिल-मेच्या संध्याकाळी भिंत आणि फरशी अंगाइतकीच तापलेली असते, तेव्हा त्याची नजर मंदावते. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर किंवा हलत्या झाडासमोर तो उगाच पेटत राहतो. मायक्रोवेव्ह सेन्सर प्लायवूड, काच आणि पातळ भिंतीपलीकडची हालचालही टिपतो, म्हणून लागून असलेल्या खोल्यांत तो नको.

स्मार्ट, म्हणजे वायफाय आणि ॲपवर चालणारा दिवा वीज वाचवतो, हे अर्धंच खरं. १० वॉटचा दिवा रोज १२ तास जळला तर महिन्याला ३.६ युनिट लागतात. सेन्सरमुळे तो दिवसाला अर्धा तासच लागला तर ०.१५ युनिट. पण वायफायसाठी चोवीस तास जागं राहणारं एखादं उपकरण १ वॉट खात असेल तर तेच महिन्याला ०.७२ युनिट होतं, प्रत्यक्ष उजेडापेक्षा जास्त. ज्याला फक्त दारात उजेड हवा, त्याला साधा सेन्सर पुरे. स्मार्ट घेतलाच तर बहुतेक उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात हे लक्षात ठेवा. वीज जाऊन परत आल्यावर काही दिवे आपोआप पेटून दिवसभर जळत राहतात. आपल्याकडे गुरुवारी, कारखान्यांच्या सुट्टीला, दुरुस्तीसाठी वीज बंद राहते तेव्हा हे हमखास होतं. ॲपमध्ये वीज आल्यावर दिवा बंदच राहील अशी सोय असेल तर ती निवडा.

सोलर दिव्याला देखभाल लागत नाही, असं दुकानदार सांगतात. पण ट्रकच्या धुळीने पॅनेल झाकलं जातं, ते पुसावं लागतं. आषाढ-श्रावणात ढगांमुळे चार्जिंगही अपुरं होतं.

जिवावर बेतणारा गैरसमज अर्थिंगचा. 'एलईडी आहे, एमसीबी आहे, मग अर्थिंग कशाला?' एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसाला मारायला पुरेसा करंट तिच्या दृष्टीने इतका किरकोळ असतो की ती पडतच नाही. बाहेरच्या फोकसचं अंग बहुधा ॲल्युमिनियमचं असतं. आत पाणी शिरलं, फेजची वायर अंगाला टेकली आणि फोकस पत्र्याच्या खोलीच्या अँगलवर असला, तर सगळा पत्रा करंट धरतो. ओल्या हाताने दार लोटणाऱ्याला ते कळणारही नाही. खोक्यावर धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा 'आयपी ६५' दर्जा लिहिलेला असतो तो दिव्यापुरता, बाहेर टेपने गुंडाळलेल्या जोडापुरता नव्हे. म्हणून तीन तारांची वायर, हिरवी तार अर्थिंगला, जोड बंद डबीत, वायर डबीत खालच्या बाजूने घेतलेली, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहा. दाबल्यावर वीज गेली पाहिजे.

पत्र्याच्या खोल्या भाड्याने देणाऱ्या मालकांना विनंती एवढीच: बाहेरचा दिवा लावण्याआधी अर्थिंग आणि आरसीसीबी तुमच्या खर्चाने बसवा. भाडेकरूला त्या बोर्डाला हात लावायचाही अधिकार नसतो.