‘ॲट लार्ज’ प्रतिनिधी : एका संज्ञेचा अर्थ

अमेरिकेतील निवडणुकांविषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘ॲट लार्ज’ या प्रयोगापाशी लेखणी अडखळते. ‘लार्ज’ म्हणजे मोठा, हा परिचित अर्थ येथे उपयोगी पडत नाही. तुरुंगातून निसटून अद्याप हाती न लागलेल्या कैद्याविषयीही इंग्रजीत हाच प्रयोग करतात. दोहोंतील सूत्र एकच : मर्यादेत बांधलेले नसणे. कैद्याला भिंती उरलेल्या नसतात, प्रतिनिधीला प्रभागाच्या सीमा नसतात.

तेव्हा ज्याला एखाद्या विभागाचे नव्हे, तर संपूर्ण शहराचे किंवा राज्याचे मतदार निवडतात, तो ‘ॲट लार्ज’ प्रतिनिधी होय. अलास्का, व्हरमाँट, वायोमिंग अशा अल्प लोकसंख्येच्या राज्यांतून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एकेकच सभासद जातो आणि तो असाच निवडला जातो. आपल्याकडे इंदूरच्या महापौराची 2022 सालची निवड सर्व शहराच्या मतांनी झाली, नगरसेवकांची मात्र प्रभागवार. भेद इतकाच की, महापौर हा नगरप्रमुख. अमेरिकेत नगरसभेचे साधे सभासदही या रीतीने निवडले जातात.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. अलाबामातील मोबील शहराचा कारभार 1911 पासून तीन आयुक्त पाहत आणि तिघांनाही सारे शहर निवडी. लोकसंख्येत कृष्णवर्णीय एक तृतीयांशाहून अधिक असूनही त्यांच्यापैकी एकही आयुक्त कधी निवडून आला नाही. प्रत्येक जागेसाठी बहुसंख्य गोऱ्या मतदारांचाच कौल निर्णायक ठरे. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने भेदभावाचा हेतू सिद्ध झाला नसल्याचे सांगून कृष्णवर्णीयांच्या बाजूचा निकाल फिरवला. त्यावर 1982 साली काँग्रेसने मताधिकाराचा कायदा दुरुस्त करून हेतूऐवजी परिणामाला महत्त्व दिले. ‘सर्वांचा प्रतिनिधी’ हे नाव उदार खरे, पण त्याच्या आड बहुमताची मक्तेदारी राहू शकते.

मग मराठी प्रतिशब्द कोणता? ‘महाप्रतिनिधी’ म्हटल्यास अधिकार मोठा वाटतो. ‘सर्वसाधारण प्रतिनिधी’ म्हटल्यास आपल्याकडील अनारक्षित जागेचा भास होतो. ‘सर्वक्षेत्रीय प्रतिनिधी’ हा शब्द मात्र मतदार कोठले, एवढेच सांगतो. प्रतिनिधी खरोखर सर्वांचा आहे, असा दावा तो करीत नाही. माझ्या मते याच संयमामुळे तो अधिक ग्राह्य ठरावा.