लाइट जात नाही, मग कन्व्हेअर का थांबतो?

भिवंडीतल्या आमच्या छोट्या गोडाऊनमध्ये कन्व्हेअर बसवला आणि तो दिवसातून दोन-तीनदा आपोआप थांबायला लागला. ऑर्डर अर्धवट, पोरं नुसती उभी. डीलर म्हणाला, मोठा स्टॅबिलायझर घ्या. मी घेणारच होतो!

इलेक्ट्रिशियनने आधी दिवसभर व्होल्टेजची नोंद घेणारा मीटर लावला. दोष बाहेरच्या लाइनचा नव्हताच, आपल्याच कॉम्प्रेसरचा होता. स्टार्टरशिवाय थेट चालू होणारी मोटर सुरुवातीला पाच-सहा पट करंट ओढते. त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं, पॅनलमधला कॉन्टॅक्टर सुटतो, पीएलसी रीसेट होतो. दिवे मात्र फक्त मिचकावतात, म्हणून आपल्याला कळतच नाही.

कॉम्प्रेसरला सॉफ्ट स्टार्टर लावला. छोटा यूपीएस घेतला, तोही फक्त पॅनलच्या कंट्रोल सप्लायला, स्कॅनरला आणि कॉम्प्युटरला. एवढ्यासाठी मोटर यूपीएसवर टाकू नका, पैसे वाया जातील.

पॉवर फॅक्टर सुधारून देतो म्हणत कुणी नुसते कपॅसिटर विकायला आला तरी थांबा. कन्व्हेअरच्या व्हीएफडी लाइनमध्ये हार्मोनिक्स सोडतात, त्याने साधे कपॅसिटर तापतात, फुगतात. कोटेशन मागताना 'रिअॅक्टरसकट' हा शब्द लिहून घ्या.