मूर्च्छास्त्राचे मोल

हातातील इवल्या यंत्राचा खटका दाबताच प्रकाशाची शलाका निघावी, समोरचा शत्रू जागीच कोसळावा आणि पुढच्या प्रसंगात त्याने डोके चोळीत उठून बसावे, हे दृश्य दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकांनी इतके रूढ केले आहे की, जीव न घेता देह निश्चेष्ट करणे ही अत्यंत सुलभ गोष्ट असावी, असा प्रेक्षकाचा समज व्हावा. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झालेल्या आणि १९८०च्या दशकात आपल्या दूरदर्शननेही दाखविलेल्या ‘स्टार ट्रेक’मधील फेझर हे या शस्त्राचे सर्वांत ख्यातनाम रूप; त्याची तीव्रता अल्प ठेवली तर प्रतिपक्षी मूर्च्छित होई, वाढविली तर मरे, आणि पराकोटीस नेली तर नाहीसाच होई. विराटपर्वातील गोग्रहणाच्या प्रसंगी अर्जुनाने संमोहनास्त्राने कौरववीरांची शुद्ध हरपविली, पण त्यांचा वध केला नाही, हे ज्यांनी बालपणी ऐकले आहे त्यांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. सामर्थ्य हाती असताना प्राण राखणे हा पराक्रमाचाच श्रेष्ठ प्रकार होय, ही श्रद्धा दोन्हींच्या मुळाशी आहे.

प्रत्यक्षात मात्र हे शस्त्र फार महाग पडते. जॅक कव्हर या अमेरिकन संशोधकाने १९७०च्या दशकात सिद्ध केलेल्या टेझरमधून तारांना जोडलेले दोन काटे सुटतात व विद्युत्प्रवाहाने स्नायू आखडून मनुष्य पडतो. परंतु अशा आघातानंतर माणसे दगावल्याचीही उदाहरणे आहेत.

आम्हां लोंढ्याच्या परिसरातील लोकांना मूर्च्छास्त्राचा परिचय होतो तो अरण्यामुळे. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य आणि त्यापलीकडील दांडेलीची राने यांतून हत्ती व बिबटे हद्दी न जुमानता वावरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, अशा प्राण्यास पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र नेणे अशक्य आहे अशी खात्री पटल्यावाचून मुख्य वन्यजीव रक्षकास त्याला ठार करण्याचा हुकूम देता येत नाही. फेझरची तीव्रता आधी अल्पच ठेवावी हा कथेतील दंडक येथे कायद्याच्या दफ्तरी नोंदला गेला आहे.

भुलीच्या बंदुकीतून सुटते ती एक उडती पिचकारी; सुई रुतताच तिच्या छिद्रावरील आवरण मागे सरते आणि कोंडलेल्या दाबाने औषध स्नायूत शिरते. बिबट्यासाठी बहुधा केटामीन व झायलाझीन यांचे मिश्रण वापरतात, आणि त्याची मात्रा जनावराच्या वजनाचा दुरून अंदाज घेऊनच ठरवावी लागते. मात्रा कमी पडली तर चवताळलेले जनावर अंगावर येते. अधिक झाली तर श्वास मंदावतो. औषध चढेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे जनावर धावतच असते, विहिरीत पडू शकते, झाडावरून कोसळू शकते. हत्ती छातीवर बसला तर स्वतःच्याच भाराने त्याचा श्वास कोंडतो, म्हणून त्याला कुशीवर वळवावे लागते. शिवाय नेम धरण्यासाठी जनावर आधी जवळ दिसले पाहिजे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या रानात शिरलेल्या बिबट्यासाठी शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलूहून हत्ती आणले, अनेक शाळांना सुट्या दिल्या, आणि तरीही तो हाती लागला नाही.

मालिकांनी झाकून ठेविलेला भाग हाच: मूर्च्छित केलेल्या जिवाची जबाबदारी त्या क्षणापासून मूर्च्छित करणाऱ्याची असते. त्याचे डोळे झाकणे, तापमान व श्वास पाहणे, उतारा देणे, शुद्धीवर येईतो पहारा करणे, हे सारे बंदुकीपेक्षा अधिक कौशल्याचे काम आहे. म्हणून अरण्यालगतच्या प्रत्येक तालुक्यात प्रशिक्षित पशुवैद्यक, औषधे, पिंजरा व वाहन यांची कायम तजवीज सरकारने करावी; आणि आपण ग्रामस्थांनी, भ्रमणध्वनीवर चित्रे टिपण्यासाठी जनावराभोवती कडे न करता, ती दहा-पंधरा मिनिटे दूर उभे राहून वनखात्याच्या माणसांना त्यांचे काम करू द्यावे.