कचेरीतला जुना सर्व्हर, खेळाच्या कामाला

कंपन्यांचे सर्व्हर बहुधा बिघडल्यामुळे नव्हे, तर देखभालीचा करार संपल्यामुळे निवृत्त होतात. 2009 मध्ये बाजारात आलेला डेलचा पॉवरएज आर710 हे त्याचं नमुनेदार उदाहरण. दोन प्रोसेसर, रॅमसाठी 18 खाचा, दोन वीजपुरवठे (एक चालू मशीनमधून काढला तरी दुसऱ्यावर काम सुरू राहतं) आणि मशीन बंद असतानाही दुरून चालू करता येईल अशी आयड्रॅक ही सोय. हिशेब आणि पगारपत्रकं सांभाळण्यासाठी घडवलेली ही यंत्रं आता मल्टिप्लेअर खेळ चालवायला वापरली जातात. हा उपयोग योग्यच आहे, पण एका अटीवर: एकच अवाढव्य जग नव्हे, तर अनेक लहान जगं त्यावर नांदवायची.

ही अट खेळांच्या घडणीतूनच येते. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला 20 टिक मोजतो, म्हणजे जगाची प्रत्येक फेरी 50 मिलिसेकंदांत उरकावी लागते. त्यातलं मुख्य गणित एकाच थ्रेडवर चालतं. आर710 मध्ये झिऑन एक्स5670 चे दोन प्रोसेसर बसवले तर 12 कोअर मिळतात, पण गर्दीने भरलेल्या एका जगाचा भार मुख्यतः त्यातल्या एकावरच पडतो आणि तो 2.93 गिगाहर्ट्झचा, 2010 सालच्या घडणीचा असतो. त्याला 50 मिलिसेकंद पुरले नाहीत की सगळ्यांचाच खेळ अडखळतो, मग बाकीचे कोअर कितीही रिकामे असोत. इथे आजचा साधा डेस्कटॉप प्रोसेसर सहज सरस ठरतो. जगाचे भाग पाडून ते वेगवेगळ्या थ्रेडवर चालवणारा फोलिआसारखा पर्याय आहे. पण त्यासाठी प्लगइनही त्या पद्धतीने लिहिलेले लागतात.

तेच 12 कोअर वाटून दिले की चित्र पालटतं. प्रॉक्समॉक्स या प्रणालीवर वेगवेगळी आभासी मशीनं उभी करून एकावर माइनक्राफ्ट, दुसऱ्यावर फॅक्टोरिओ, तिसऱ्यावर जुना काउंटर-स्ट्राइक असा संसार मांडता येतो. त्यासाठी रॅम भरपूर लागते आणि इथे तर ती स्वस्त असते, कारण सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाही, त्यामुळे तिला गिऱ्हाईक कमी. शिवाय ती चुका ओळखून दुरुस्त करते. गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या 2009 च्या अभ्यासात वर्षाला 8 टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांत चुका नोंदल्या गेल्या होत्या. वर्षानुवर्षं जपलेल्या खेळातल्या जगात अशी चूक एकदा सेव्ह झाली की ती तिथेच राहते. त्यामुळे ही दुरुस्ती चैनीची बाब नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप विजेचा. मशीन सरासरी 150 वॅट ओढतं असं धरलं, तर महिनाभर अखंड चालवल्यास 108 युनिट होतात. युनिटला 10 रुपये धरले तर 1,080 रुपये. 20 वॅटचा छोटा पीसी सुमारे साडेचौदा युनिटांत भागवतो. एकाच खेळासाठी, चार मित्रांसाठी जुना सर्व्हर घेणं म्हणूनच आतबट्ट्याचं. पण खेळ रोज संध्याकाळी पाच तासच होणार असेल आणि उरलेला वेळ मशीन बंद ठेवलं, तर हिशेब साडेबावीस युनिटांच्या आसपास येतो आणि तो अनेक खेळांत, अनेकांत विभागला जातो. पंख्यांचा घरघराट मात्र खराच. हे यंत्र झोपायच्या खोलीत ठेवायचं नाही. आयड्रॅकही इंटरनेटवर उघडं सोडायचं नाही, कारण इतक्या जुन्या आवृत्त्यांच्या त्रुटी आता कोणी बुजवत नाही.

मग सर्व्हर भाड्याने का घेऊ नये? एखाददुसऱ्या जगासाठी तेच सोयीचं. कारण आपल्याकडच्या अनेक घरगुती इंटरनेट जोडण्यांत एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. बाहेरच्यांना थेट आत येऊ द्यायचं तर वेगळा स्टॅटिक आयपी घ्यावा लागतो. तरीही मालकीला अर्थ आहे. 2014 मध्ये ऑनलाइन खेळाडूंना एकमेकांशी जोडून देणारी गेमस्पायची सेवा बंद झाली आणि तिच्यावर विसंबलेल्या अनेक खेळांचं ऑनलाइन अंग लुळं पडलं. खेळाडूंच्या हाती सर्व्हर चालवण्याचा प्रोग्राम असेल, तर अशा वेळी तग धरण्याची शक्यता वाढते. माइनक्राफ्टचा तो प्रोग्राम मोफत मिळतो; कित्येक खेळांचे निर्माते तो देतच नाहीत, आणि तिथे हार्डवेअर कितीही असून उपयोग नाही. म्हणून खरेदीआधी प्रोसेसरच्या कोअरची संख्या पाहण्याऐवजी तीन गोष्टी तपासाव्यात: कोणते खेळ चालवायचे, त्यांचा सर्व्हर आपल्या हाती येतो का, आणि खर्च वाटून घ्यायला किती जण आहेत. एखाद्या कॉलेजच्या गेमिंग क्लबला हा सौदा परवडेल. एकट्या हौशी खेळाडूला बहुधा नाही.